टेझर येईल ते गोळीच्या जागी नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पोलिसांच्या हाती टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारे पिस्तूल, द्यावे की नाही याविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात चालू असलेली चर्चा मी गेले काही दिवस आवर्जून वाचतो आहे. बहुतेक पत्रलेखकांचा सूर असा की गोळी घालण्यापेक्षा झटका बरा, माणूस निदान जिवंत तरी राहतो. हे म्हणणे ऐकायला इतके रास्त वाटते की त्याला हरकत घेणारा एक तर गुंडांचा कैवारी ठरतो किंवा पोलिसांचा द्वेष्टा. मी या दोहोंपैकी कोणीही नाही. मी न्यायालयाच्या कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. दोषारोपपत्रे, पंचनामे आणि वैद्यकीय दाखले क्रमवार लावण्यात माझी नोकरी गेली आणि त्या कागदांमागच्या पोलिसांशी रोजची ऊठबस राहिली. माझी हरकत अशी आहे की आपल्याकडे हे हत्यार गोळीच्या जागी येणारच नाही. ते बोलण्याच्या जागी येईल, आणि ज्यांच्याशी बोलायला सर्वांत जास्त वेळ लागतो अशा माणसांवर, म्हणजे मनोरुग्ण, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, कर्णबधिर आणि बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग यांच्यावर, ते आधी चालेल.

आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर किंवा बिंदू चौकात बंदोबस्ताला उभ्या असलेल्या हवालदाराकडे काय असते ते एकदा नीट पाहावे. हातात काठी, खिशात शिट्टी आणि वाहतूक शाखेचा असल्यास ई-चलनाचे यंत्र. पिस्तूल असते ते अधिकाऱ्याच्या कमरेला. घरात कोणी बिथरले म्हणून शेजाऱ्यांनी ११२ क्रमांक फिरवला, तर दाराशी येतात ते बहुधा असे दोन बिनपिस्तुलाचे शिपाई. त्यांनी गोळी घालण्याचा प्रश्नच नसतो. त्यांच्या हाती टेझर दिले तर ते कोणत्या गोळीला वाचवणार? ते वाचवणार वेळ, आणि त्या दाराशी खर्च करायला पोलिसांकडे असते तीही तेवढीच एक गोष्ट.

हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात सांगतो, कारण अनेकांच्या मनात त्याचे चित्र खेळण्यातल्या पिस्तुलासारखे आहे. चाप ओढला की दाबलेल्या वायूच्या जोराने दोन बारीक, काटेरी अणकुच्या सुटतात, अंगात किंवा कपड्यात रुततात आणि त्यांना जोडलेल्या बारीक तारांमधून विजेचे ठोके शरीरात जातात. नेहमीच्या नमुन्यात एकदा चाप ओढला की हा प्रवाह पाच सेकंद चालतो. चाप दाबून धरला किंवा पुन्हा ओढला तर अधिक वेळ. त्या वेळात स्नायूंवर माणसाचा ताबा राहत नाही. तो उभा असेल तर ओंडक्यासारखा पडतो, कारण पडताना आपण आपोआप जे हात पुढे करतो तेही त्याला करता येत नाहीत. निरोगी तरुण मैदानात मातीवर पडला तर खरचटण्यावर भागेल. पण शहाबादी फरशीवर, मोरीच्या कठड्याशी किंवा माडीच्या जिन्यात पंचाऐंशी वर्षांची बाई अशी पडली तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यातल्या कूमा या गावी हेच झाले. १७ मे २०२३ च्या पहाटे तेथील वृद्धाश्रमात क्लेअर नाउलँड या ९५ वर्षांच्या, स्मृतिभ्रंशाची लक्षणे असलेल्या बाई हातात जेवणाच्या टेबलावरची सुरी घेऊन चालण्याच्या चौकटीच्या आधाराने फिरत होत्या. वजन ४८ किलोपेक्षा कमी. कर्मचाऱ्यांनी मदत मागवली आणि पोलीस आले. सुरी खाली ठेवा, असे त्यांना वारंवार सांगण्यात आले. त्यांनी ती ठेवली नाही. तीन मिनिटेही झाली नसतील, तेवढ्यात पोलीस अधिकाऱ्याने वैतागाचा एक शब्द उच्चारून टेझर चालवले. बाई मागे पडल्या, डोके जमिनीवर आपटले, मेंदूत रक्तस्राव झाला आणि आठवड्याने त्या गेल्या. विजेने त्यांचा जीव घेतला नाही, पडण्याने घेतला. आणि पडणे हा तर या यंत्राचा इच्छित परिणामच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ज्यूरीने त्या अधिकाऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. मार्च २०२५ मध्ये शिक्षा सुनावताना न्यायालयाने त्याला तुरुंगात पाठवले नाही.

इंग्लंडमधील सेंट लेनर्ड्स येथील घटना जून २०२२ ची. डोनाल्ड बर्जेस हे ९२ वर्षांचे, एक पाय नसलेले, चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ शुश्रूषागृहात हाती जेवणाची सुरी घेऊन कर्मचाऱ्यांना धमकावत होते. पोलीस खोलीत आल्यापासून दीड मिनिटाच्या आत त्यांच्यावर तिखट फवारा, दंडुका आणि टेझर ही तिन्ही साधने वापरून झाली होती. २०२५ मध्ये फौजदारी न्यायालयात दोन्ही पोलीस निर्दोष सुटले. खात्याच्या शिस्तभंग चौकशीत मात्र गंभीर गैरवर्तन सिद्ध होऊन त्यांची नोकरी गेली. चाकाच्या खुर्चीतला माणूस कोठे पळून जाणार होता, आणि खोलीचे दार ओढून घेऊन बाहेर दहा मिनिटे थांबायला काय अडचण होती, हा प्रश्न मला ती हकीकत वाचल्यापासून सोडत नाही.

या दोन्ही देशांत पोलिसांना प्रशिक्षण मिळते, अंगावर कॅमेरे असतात, प्रत्येक वापराची नोंद करावी लागते आणि तक्रारींच्या चौकशीसाठी पोलिसांबाहेरची यंत्रणा आहे. इतके असूनही हे घडले. इंग्लंडचा इतिहास तर आपण विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण तिथेही रस्त्यावरच्या सामान्य पोलिसाकडे बंदूक नसते. २००३ मध्ये तिथे टेझर आले ते चाचणी म्हणून, आणि फक्त बंदूक बाळगण्याचा परवाना असलेल्या पोलिसांकडे. म्हणजे तेव्हा ते खरोखर गोळीला पर्याय होते. २००८ पासून बंदूक नसलेल्या प्रशिक्षित पोलिसांनाही ते मिळू लागले. आत शिरताना दाखवलेले कारण एक आणि आत बसल्यावरचा वापर दुसरा, असे सरकारी कामात किती वेळा होते हे मी नोकरीत पुरेसे पाहिले आहे. आपल्याकडे तर तात्पुरती म्हणून घातलेली पत्र्याची शेडसुद्धा तीस वर्षे हलत नाही.

टेझरचे समर्थक सांगतात की बहुतेक वेळा ते चालवावे लागतच नाही, नुसते रोखले आणि लेझरचा लाल ठिपका छातीवर दिसला की माणूस शरण येतो. इंग्लंडचे आकडेही तेच दाखवतात. वापराच्या बहुसंख्य नोंदी नुसत्या रोखण्याच्या असतात. परंतु ठिपका पाहून शरण येण्यासाठी ठिपक्याचा अर्थ कळावा लागतो. कोणीतरी आपल्याला मारायला टपले आहे या भ्रमाने ज्याची चार रात्री झोप उडालेली आहे, त्याच्या छातीवर लाल ठिपका टाकणे म्हणजे त्याच्या भ्रमावर सरकारी शिक्का मारणे होय. जो बहिरा आहे त्याला इशारा ऐकू येत नाही. ज्याला भाषा येत नाही त्याला तो समजत नाही. १४ ऑक्टोबर २००७ रोजी कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर रॉबर्ट जिकान्स्की हा पोलंडहून आलेला माणूस सुमारे दहा तास अडकून पडला होता. त्याला इंग्रजी येत नव्हते, त्याला न्यायला आलेली आई बाहेर वाट पाहून परत गेली होती, आणि तो गोंधळून सामान फेकू लागला होता. चार पोलीस आले, अर्ध्या मिनिटाच्या आसपास त्याच्यावर टेझर चालले, एकदा नव्हे, पाच वेळा, आणि तो तिथेच मेला. त्याच्या हातात होता तो कागद टाचायचा स्टेपलर. निवृत्त न्यायमूर्ती ब्रेडवुड यांच्या चौकशीत हा वापर समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष निघाला, आणि त्या चौकशीत खोटी साक्ष दिल्याबद्दल चौघांपैकी दोघांना पुढे शिक्षाही झाली.

आता घरची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला थोडे जड जाते, पण तीच माझ्या मताचे मूळ आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणत असू, त्यांना ऐन तिशीत स्किझोफ्रेनिया झाला. गोळ्या चालू असत तोवर ते पेठेतल्या चार माणसांसारखे असत. दूध आणत, देवळात जात, पोरांची गणिते तपासत. १९९६ च्या आषाढात त्यांनी कोणाला न सांगता तीन आठवडे गोळ्या थांबवल्या. भिंतीतून आपल्या अंगात कोणीतरी वीज सोडते, असा त्यांचा समज झाला. एके दिवशी पहाटे त्यांनी मीटरच्या बोर्डावरचे तिन्ही चिनीमातीचे किटकॅट फ्यूज उपसून खिशात टाकले, घर अंधारात बुडवले आणि नारळ सोलायचा कोयता घेऊन सोप्यात भिंतीला पाठ लावून बसले. आईला त्यांनी आतल्या खोलीत जायला सांगितले होते, कारण वीज तिच्याही अंगात जाईल अशी त्यांना भीती होती. बाहेर बघ्यांची गर्दी जमली आणि कोणीतरी पोलिसांना फोन केला.

आलेले हवालदार पन्नाशीचे होते. त्यांनी आधी गर्दी हटवली. मग काठी समोरच्या घराच्या भिंतीला टेकवली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आमच्या उंबरठ्याबाहेर, पागोळ्या गळत होत्या तिथेच, पायरीवर बसले. पहिली पंधरा मिनिटे ते काहीच बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आण्णा, फ्यूज तुमच्या खिशात हाईत न्हवं? मग करंट येणार कुठनं?" आण्णांनी बराच वेळ विचार केला. मग खिशातून एक फ्यूज काढून त्यांना दाखवला. हवालदारांनी तो हातात मागितला नाही. फक्त "एक झाला, अजून दोन," एवढेच म्हणाले. शेजारच्या वहिनींनी चहा आणला, तो दोघांनी आपापल्या जागी बसून घेतला. असे करता करता सुमारे पावणेदोन तास गेले. शेवटी आण्णांनी कोयता मोरीच्या कठड्यावर ठेवला, दोन फ्यूज हवालदारांच्या टोपीत टाकले आणि तिसरा मुठीत धरून रिक्षात बसले. तो फ्यूज दवाखान्यात इंजेक्शन देईपर्यंत मुठीतच होता.

वीज अंगात सोडली जाते या भीतीने कोयता हाती घेतलेल्या माणसावर विजेचे पिस्तूल चालवले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी. पाच सेकंदांत काम झाले असते, यात शंका नाही. पावणेदोन तासांऐवजी पाच सेकंद. पुढची अठरा वर्षे मात्र त्यांना एकही गोळी आमच्या हातून घ्यायला लावणे आम्हाला शक्य झाले नसते, कारण त्यांचा भ्रम खरा ठरला असता आणि तो खरा करणारे आम्ही, त्यांच्या घरचे, असतो.

सगळेच पोलीस त्या हवालदारांसारखे नसतात, हेही मी अनुभवाने सांगतो. चार वर्षांनी आण्णा पुन्हा बिथरून रस्त्यावर गेले तेव्हा त्यांना एका ठाण्यात रात्रभर कोठडीत ठेवले गेले. कोणते ठाणे, ते लिहीत नाही. आता त्याचा उपयोग नाही. सकाळी त्यांचे मनगट सुजलेले होते आणि ते महिनाभर कोणाशी बोलले नाहीत. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या माणसाच्या कमरेला टेझर असते, तर सूजही दिसली नसती, दोन टाचणीएवढे व्रण दिसले असते. हे यंत्र तारा न सोडता नुसते अंगाला टेकवूनही चालवता येते. तेव्हा स्नायू आखडून माणूस कोसळत नाही, फक्त वेदना होते. कोठडीच्या चार भिंतींत अशा साधनाचा मोह कोणाला होईल आणि कोणाला नाही, हे मी ठरवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात अटकेतील माणसाबाबत अकरा सूचना घालून दिल्या, डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. हे आदेश ज्या अनुभवातून द्यावे लागले तो अनुभव लक्षात घेऊनच नव्या हत्याराचा विचार व्हावा, एवढेच म्हणतो.

आणखी एक बाब. आण्णांना शेवटच्या काही वर्षांत हृदयविकार होता. त्यांच्या गोळ्यांपैकी काहींनी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते म्हणून डॉक्टर अधूनमधून ईसीजी काढायला लावत. दाराशी उभ्या राहिलेल्या शिपायाला यातले काय कळणार होते? टेझर बनवणाऱ्या कंपनीनेच २००९ मध्ये, शक्यतो छातीवर नेम धरू नये, अशी सूचना काढली. धावपळीत, अंधारात, हलणाऱ्या माणसाच्या छातीचा नेम चुकवून दुसरीकडे मारायचे कौशल्य किती जणांकडे असेल?

कायद्याकडे वळतो, कारण या चर्चेत त्याचा उल्लेख मला एकाही पत्रात दिसला नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १०० प्रमाणे, मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका निर्माण करणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. शब्द 'संरक्षण' असा आहे, 'अटक' असा नाही. तिला लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचे असते आणि कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. कलम ९५ तर याहून पुढे जाते. रुग्णालयात, तज्ज्ञ डॉक्टरांच्या हातूनसुद्धा, भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचा उपचार करण्यास त्यात मनाई आहे, आणि रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यासही. तमिळनाडूत एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले होते, हे ज्यांना आठवते त्यांना या शेवटच्या तरतुदीची किंमत कळेल.

कोणी म्हणेल, उपचाराची वीज मेंदूला दिली जाते, टेझरची स्नायूंना. उपचार वेगळा आणि बळाचा वापर वेगळा. तांत्रिकदृष्ट्या हे अगदी बरोबर आहे. परंतु डॉक्टरने भूल न देता जे करू नये असे संसदेने ठरवले, त्याच्या जवळपासचे काहीतरी शिपायाने पायरीवर उभे राहून त्याच रुग्णाला करावे, हे त्या कायद्याच्या भाषेशी मला कोठेच जुळवता येत नाही. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आहे; हा मुद्दा कधी तिथे आलाच, तर निदान त्यासाठी मुंबईची रात्रगाडी धरावी लागणार नाही.

मी टेझरला सरसकट विरोध करत नाही, हे नमूद करतो. हातात कोयता घेऊन गर्दीत घुसलेल्या, कोणावर तरी वार करत असलेल्या माणसापुढे अधिकाऱ्याला पिस्तूल काढावे लागत असेल, तर त्या क्षणी टेझर निःसंशय बरे, मग तो माणूस आजारी असो वा धडधाकट. म्हणूनच ते द्यायचेच असेल तर ज्याच्याकडे आज पिस्तूल आहे त्याच्याकडेच द्यावे आणि पिस्तूल चालवणे जिथे कायद्याने योग्य ठरले असते तिथेच ते चालवण्याची परवानगी असावी. वृद्ध, गरोदर स्त्रिया, मुले, बेड्या घातलेले आणि कोठडीतले यांच्यावर बंदी लेखी असावी, तोंडी सूचना नको. नुसते रोखले तरी नोंद व्हावी.

त्याआधी मात्र दुसरे एक काम आहे, आणि ते हत्याराच्या खरेदीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९८७ मध्ये पोलिसांच्या गोळीने एक मनोरुग्ण तरुण मेला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या पोलिसांनी रुग्णांच्या कुटुंबीयांच्या आणि डॉक्टरांच्या मदतीने निवडक शिपायांसाठी ४० तासांचे प्रशिक्षण सुरू केले, ज्यात ऐकून घेणे, वेळ काढणे आणि अंतर राखणे शिकवले जाते. आमच्या हवालदारांना हे कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या ठायी ते उपजत होते. ज्यांच्या ठायी ते नाही त्यांना ते शिकवता येते, आणि २०१७ च्या कायद्याच्या कलम ३० ने पोलिसांना या विषयाची जाणीव करून देणारे प्रशिक्षण ठराविक काळाने देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेलीच आहे. रात्री दोन वाजता मनोरुग्णाच्या दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने कोणाला फोन करावा, सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, कोणत्या दाराने न्यावे, सोबत कोण असावे, हे प्रत्येक ठाण्याच्या फळ्यावर लिहिलेले असले पाहिजे. टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो त्या फळ्यावर सर्वांत वर असावा. आमच्या वेळी यातले काही नव्हते. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यायचे तर आंबा घाट उतरून जावे लागे, आणि त्या प्रवासात आण्णांचा हात धरायला मी आणि एक चुलतभाऊ असे दोघेच असू.

कोल्हापूर जिल्ह्यातील प्रत्येक ठाण्यात कलम ३० खालील प्रशिक्षण आजवर किती पोलिसांना मिळाले आणि शेवटचे वर्ग केव्हा झाले, याची माहिती मागणारा अर्ज मी माहिती अधिकाराखाली तयार केला असून तो येत्या सोमवारी दाखल करणार आहे. उत्तर आले की त्याची प्रत आपल्याकडे पाठवीन. आपण ती छापावी ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)